धरताना सोडायचं लिहून ठेवा

आमच्या एक्स्टेन्शनचं काम साधं होतं. वाचताना इंग्रजी शब्दावर माउस नेला की शेजारी लहानशा चौकटीत त्याचा मराठी अर्थ दिसायचा. भाषांतराचं काम करणाऱ्या एका बाईंची मेल आली. सकाळी सगळं छान चालतं, दुपारी तीनच्या सुमारास लॅपटॉप तापतो, टॅब एकेक करून पडायला लागतात, आणि तुमचं एक्स्टेन्शन बंद केलं की त्रास थांबतो. मी माझ्या मशीनवर दहा मिनिटं चालवून पाहिलं. काहीच दिसलं नाही. ‘आमच्याकडे व्यवस्थित चालतंय’ असं उत्तर पाठवून दिलं. ते उत्तर पाठवायला नको होतं, याची बोच अजून आहे. त्या बाई रोज आठ तास, तीस-चाळीस टॅब उघडे ठेवून काम करत होत्या आणि मी दहा मिनिटांत निकाल देऊन मोकळी झाले होते.

नंतर चार दिवस बसून त्या त्रासामागची मेमरीची गळती शोधली. त्या चार दिवसांत आणि पुढच्या वर्षांत जे हाती लागलं, ते या कामात नव्याने पडणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिते आहे. सार आधीच सांगून टाकते. मेमरी लीक म्हणजे आपण काहीतरी धरलं आणि सोडायचं राहून गेलं. म्हणून जे धराल ते कधी सोडणार, हे धरतानाच लिहून ठेवा.

जावास्क्रिप्टमध्ये मेमरी आपल्या हाताने परत करावी लागत नाही, ते काम गार्बेज कलेक्टर करतो. तो घंटागाडीसारखा दारावर येतो, पण घरात शिरून सामान उचलत नाही. ज्या वस्तूपर्यंत कुठूनही पोचता येत नाही तेवढीच तो नेतो. तुमच्या एखाद्या व्हेरिएबलने, यादीने किंवा लिसनरने तिचं एक टोक जरी पकडलेलं असलं, तरी त्याच्या लेखी ती घरातलीच वस्तू. तिचा तुम्हाला उपयोग उरला आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ते तुम्हीच सांगायचं असतं.

पहिला मंत्र : आधी विचारा, मग कोड उघडा

‘क्रॅश झालं’ हा शब्द लोक तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक, पानाचा टॅब पडतो आणि त्या जागी ब्राउझरचा माफीनामा दिसतो. दोन, एक्स्टेन्शनची स्वतःची प्रोसेस पडते. तीन, काहीच पडलेलं नसतं, पण बटण दाबल्यावर प्रतिसाद येत नाही. तिन्हींची कारणं वेगळी आणि शोधायच्या जागाही वेगळ्या.

म्हणून तक्रार आली की पाच प्रश्न विचारा. ब्राउझर कुठला, कुठली आवृत्ती? किती टॅब उघडे असतात? त्रास सुरू व्हायला किती वेळ लागतो? ठरावीक साइटवरच होतं का? पाचवा प्रश्न सगळ्यात मोलाचा : त्या साइटचा टॅब बंद केला की मेमरी खाली येते का? येत असेल तर गळती बहुधा पानात शिरणाऱ्या कंटेंट स्क्रिप्टमध्ये आहे. टॅब बंद करूनही येत नसेल तर पानांबाहेर चालणाऱ्या बॅकग्राउंड कोडमध्ये शोधा. या एका प्रश्नाने अर्धं घर झाडायचं वाचतं.

त्या बाईंनी सांगितलं की त्यांचं भाषांतराचं ऑनलाइन साधन एकाच पानात दिवसभर चालतं, आणि तो टॅब बंद केला की हलकं वाटतं. सगळं त्यातच होतं. पान पूर्ण बदललं की त्यातली कंटेंट स्क्रिप्टही सगळ्या पसाऱ्यासकट जाते. बातम्या वाचून पुढे जाणाऱ्या माणसाला अशी गळती कधी जाणवतच नाही. ती जाणवते जीमेलसारख्या, सकाळी उघडून संध्याकाळी मिटायच्या पानांवर.

दुसरा मंत्र : वजन कुणाच्या नावावर पडतंय ते बघा

क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर आहे. विंडोज आणि लिनक्सवर शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की तो उघडतो. त्यात एक्स्टेन्शनच्या नावाची ओळ दिसते, तिथला आकडा लहान दिसला की माणूस निर्धास्त होतो. इथेच फसायला होतं. त्या ओळीत बॅकग्राउंडचा आणि एक्स्टेन्शनच्या स्वतःच्या पानांचा खर्च दिसतो. कंटेंट स्क्रिप्टचा खर्च ज्या पानात ती बसली आहे त्या टॅबच्या नावावर पडतो. म्हणजे गळती तुमची आणि बोल लागतो साइटला. म्हणून तोच टॅब एक्स्टेन्शन चालू ठेवून आणि बंद करून, असा दोन्ही प्रकारे मोजा. मोजताना ब्राउझरचं नवं, कोरं प्रोफाइल घ्या, म्हणजे बाकीच्या एक्स्टेन्शनांची भेसळ होणार नाही.

फायरफॉक्समध्ये ॲड्रेस पट्टीत ‘अबाउट’, मग कोलन (:), मग ‘प्रोसेसेस’ असं इंग्रजीत टाकलं की प्रोसेसवार हिशेब दिसतो. ‘मेमरी’ टाकलं तर त्याहून बारीक. तिथे एक लक्षात ठेवा : फायरफॉक्समध्ये सगळी एक्स्टेन्शनं साधारणपणे एकाच प्रोसेसमध्ये राहतात. एकाने घर भरून टाकलं तर शेजाऱ्यांचाही श्वास कोंडतो.

तिसरा मंत्र : सात वेळा करा आणि सात शोधा

मेमरी वाढली म्हणजे गळतेच आहे, असं नाही. निरोगी प्रोग्रामचा आलेखही करवतीच्या दात्यांसारखा वर जातो आणि सफाई झाली की खाली येतो. बघायचं ते खालच्या टोकांकडे. प्रत्येक सफाईनंतरचं खालचं टोक आधीच्यापेक्षा वर चढत असेल तर गळती नक्की. म्हणून मोजण्याआधी डेव्हलपर टूल्समधलं कचरा काढण्याचं बटण दाबा. हीप स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची नोंद, घेताना क्रोम आधी स्वतः सफाई करतो, त्यामुळे त्यातल्या आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

आता पद्धत. ज्या कृतीवर संशय आहे ती एकदा करून सोडून द्या, कारण पहिल्या खेपेला काही रास्त सामान आत येतंच. मग पहिला स्नॅपशॉट. मग तीच कृती मोजून सात वेळा, आणि दुसरा स्नॅपशॉट. पुन्हा सात वेळा, आणि तिसरा. दहा किंवा शंभर घेऊ नका, सात किंवा अकरा असा विषम आणि अवघडसा आकडा घ्या. हजारो ओळींच्या गर्दीत दहा-वीस वस्तू योगायोगानेही दिसतात. सात आणि पुन्हा सात वाढलेली वस्तू मात्र आपलं नाव घेऊनच पुढे येते.

आमच्या एक्स्टेन्शनमध्ये मी अर्थाची चौकट सात वेळा उघडली आणि मिटली. दोन स्नॅपशॉटची तुलना लावली आणि वरच्या गाळणीत ‘डिटॅच्ड’ हा शब्द इंग्रजीत टाकला. पानावरून काढलेले, पण मेमरीत अडकून राहिलेले घटक त्या नावाने दिसतात. नेमक्या सात चौकटी होत्या. एकीवर टिचकी मारून खालचा ‘रिटेनर्स’ हा भाग पाहिला. ही वस्तू कुणी धरून ठेवली आहे, ती साखळी तिथे दिसते. चौकट धरली होती एका फंक्शनने. ते फंक्शन होतं विंडोवर लावलेला स्क्रोलचा लिसनर. वाचक पान सरकवेल तेव्हा चौकटही शब्दासोबत सरकावी म्हणून मीच तो लावला होता. चौकट मिटताना तिला पानावरून काढलं, पण लिसनर तसाच राहिला. विंडोने लिसनर धरला, लिसनरने चौकट, चौकटीने तिच्यातला अर्थ, उदाहरणं, चित्रं. दिवसात हजार शब्द बघितले तर हजार चौकटी, आणि पान जरा सरकलं की हजार फंक्शनं एकदम जागी. मेमरी का भरत होती आणि लॅपटॉप का तापत होता, ही दोन्ही कोडी त्या एका ओळीत सुटली.

दुरुस्ती तीन ओळींची होती. प्रत्येक चौकटीसाठी एक अबॉर्ट-कंट्रोलर बनवला, तिचे सगळे लिसनर लावताना त्याचा सिग्नल दिला, आणि चौकट मिटताना एकदाच अबॉर्ट केलं. एका सादेत सगळे लिसनर सुटतात, एकही मागे राहत नाही. आणखी एक सवय याच वेळी लावून घ्या : फंक्शनला नाव द्या. बिननावाची फंक्शनं स्नॅपशॉटमध्ये ओळखू येत नाहीत. नाव असलं की चोर नावानिशी सापडतो.

चौथा मंत्र : नेहमी गळणाऱ्या जागा पाठ ठेवा

पावसाळ्याआधी गच्चीचे कोपरे आणि पाइपांचे सांधे आधी बघतात, तशा एक्स्टेन्शनमध्येही ठरलेल्या जागा आहेत.

टॅबच्या क्रमांकावर माहिती साठवणारा मॅप. टॅब उघडला की नोंद घालायची आठवण सगळ्यांना राहते, टॅब बंद झाला की पुसायची राहत नाही. नोंद घालणारी ओळ लिहिली की टॅब मिटल्याचा इव्हेंट ऐकून ती पुसणारी ओळ लगेच खाली लिहा. त्या नोंदीत पानाचा स्क्रीनशॉट असेल तर जास्तच जपा, कारण डेटा यूआरएलच्या रूपात चित्र मूळ फाइलपेक्षा सुमारे एक तृतीयांश जड होतं.

म्यूटेशन ऑब्झर्व्हर. पानातला बदल टिपायला हा लावतात. तुम्ही शब्द रंगवायला पानात नवा घटक घातलात तर तोही बदलच. ऑब्झर्व्हर पुन्हा जागा होतो, पुन्हा रंगवतो, पुन्हा जागा होतो. असा टॅब काही सेकंदांत गोठतो आणि लोक त्याला क्रॅश म्हणतात. स्वतः बदल करण्याआधी ऑब्झर्व्हर सोडा, काम झालं की पुन्हा लावा, आणि आपण घातलेल्या घटकांवर खूण ठेवून त्यांना वगळा.

टायमर. ‘सेट-इंटरव्हल’ लिहिलंत की त्याचा क्रमांक जपून ठेवा आणि तो कुठे थांबणार तेही ठरवा.

ब्लॉबसाठी बनवलेले ऑब्जेक्ट यूआरएल. ते परत घेतल्याशिवाय किंवा पान मिटल्याशिवाय त्यामागची फाइल मेमरीतून हलत नाही.

कॅशे. मर्यादा नसलेल्या कॅशेला मी माळा म्हणते. घरातला माळा जसा भरतच जातो तशीच ती. पाचशे नोंदी झाल्या की सगळ्यात जुनी काढायची, एवढा साधा नियमही पुरतो. एखाद्या घटकाला चिकटवून माहिती ठेवायची असेल तर वीकमॅप वापरा. घटक गेला की त्याच्यासोबत नोंदही जाते.

आणि कन्सोल. तपासासाठी छापलेली अख्खी ऑब्जेक्टं कन्सोल धरून ठेवतो. गळती शोधताना हे विसरलात तर स्वतःच्याच तपासाने केलेली गळती शोधत बसाल. ऑब्जेक्टऐवजी त्यातला हवा तेवढा मजकूर छापा.

पाचवा मंत्र : फ्रेम मोजायला विसरू नका

कंटेंट स्क्रिप्ट ‘सगळ्या फ्रेममध्ये चालव’ असं मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे एक्स्टेन्शनच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहिणं एक अक्षर इकडचं तिकडे केल्याइतकं सोपं वाटतं. प्रत्येक फ्रेममध्ये काही बसवण्याची किंमत २०१४ साली जगाने पाहिली. फायरफॉक्सची मेमरी कमी करण्याच्या मोहिमेवर काम करणाऱ्या निकोलस नेदरकोट यांनी जाहिराती अडवणाऱ्या ॲडब्लॉक प्लस या एक्स्टेन्शनचा हिशेब मांडला. एक्स्टेन्शन नुसतं चालू असण्याचा खर्च ६० ते ७० एमबी होता. खरा भार दुसरीकडे होता. जाहिरातींच्या जागा लपवणारी भलीमोठी स्टाइलशीट प्रत्येक आयफ्रेममध्ये वेगळी बसत होती, दर फ्रेममागे सुमारे ४ एमबी. शेकडो आयफ्रेम असलेल्या एका पानावर मेमरी ३७० एमबीवरून १९६० एमबीवर गेली. अडचण कळायला मोजणारा माणूस लागला, आणि सुटायला पुढचं वर्ष उजाडलं : २०१५ मधल्या फायरफॉक्स ४१ पासून अशा स्टाइलशीट सगळ्या फ्रेम मिळून वाटून घेऊ लागल्या.

त्याच्याही आधीची गोष्ट. जुन्या फायरफॉक्समध्ये एखाद्या ॲड-ऑनने बंद झालेल्या पानाचा एक धागा जरी धरून ठेवला तरी अख्खं पान मेमरीत राहायचं. अशा पानांना तिथले लोक झॉम्बी म्हणत. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या फायरफॉक्स १५ मध्ये काइल ह्युई यांच्या दुरुस्तीने पान बंद होताच हे धागे ब्राउझरच कापू लागला आणि ॲड-ऑनच्या बहुतेक गळत्या थांबल्या. लाखो लोक वापरत होते अशा ॲड-ऑनच्या लेखकांकडूनही हे झालं होतं. आपल्याकडून झालं तर शरमून लपवू नका, मोजून दाखवा.

सहावा मंत्र : झोप आणि मरण यांत फरक करा

मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीपासून क्रोममध्ये बॅकग्राउंड पान गेलं आणि सर्व्हिस वर्कर आला. त्याला ३० सेकंद काही काम मिळालं नाही तर क्रोम त्याला थांबवतो. एखादं काम पाच मिनिटांहून जास्त लांबलं तरी थांबवतो. पुढचा इव्हेंट आला की तो नव्याने उठतो, पण ग्लोबल व्हेरिएबलमधलं सगळं विसरून. ‘मधूनच एक्स्टेन्शन क्रॅश होतं, लॉग-इन विसरतं’ या तक्रारींमागे बरेचदा एवढंच असतं.

इथे एक चकवा आहे. डेव्हलपर टूल्सची खिडकी उघडून वर्कर तपासत असाल तोवर क्रोम त्याला झोपू देत नाही. म्हणजे तुम्ही बघत असता तोवर सगळं सुरळीत, खिडकी मिटली की बिघाड सुरू. म्हणून खिडकी बंद ठेवून, वर्कर मुद्दाम थांबवून चाचणी घ्या.

उपाय साधे आहेत. सगळे लिसनर फाइलच्या अगदी वरच्या पातळीवर, कुठल्याही प्रतीक्षेच्या आधी नोंदवा, नाहीतर ज्या इव्हेंटने वर्करला उठवलं तोच ऐकायचा राहून जाईल. लक्षात ठेवायचं ते व्हेरिएबलमध्ये न ठेवता एक्स्टेन्शन एपीआयच्या सेशन स्टोरेजमध्ये ठेवा. तिथे सुमारे १० एमबीची मर्यादा आहे. ती ओलांडली की लिहिणं फसतं, ती चूक पकडून हाताळा. वेळेवर करायच्या कामांना टायमरऐवजी अलार्म लावा. आणि वर्करला सतत टोचून जागं ठेवायच्या युक्त्या करू नका. तो झोपतो म्हणूनच त्याची मेमरी मोकळी होते.

सातवा मंत्र : अपडेटनंतर जुनी प्रत मागे राहते

क्रोममध्ये एक्स्टेन्शन अपडेट झालं की बॅकग्राउंड नवा होतो, पण आधीच उघड्या असलेल्या टॅबमधली जुनी कंटेंट स्क्रिप्ट पान ताजं होईपर्यंत तिथेच राहते. तिचे टायमर चालू असतात, ऑब्झर्व्हर जागे असतात, आणि बॅकग्राउंडशी बोलायला गेली की ‘एक्स्टेन्शन कॉन्टेक्स्ट इनव्हॅलिडेटेड’ ही चूक येते. दर काही सेकंदांनी तीच चूक, तीस-चाळीस टॅबमध्ये. म्हणून कंटेंट स्क्रिप्टला आपलं आवरतं घ्यायला शिकवा. एक्स्टेन्शनची ओळख देणारा रनटाइम आयडी मिळेनासा झाला की तिने टायमर थांबवावेत, ऑब्झर्व्हर सोडावेत, लिसनर काढावेत आणि गप्प बसावं. सोडायच्या सगळ्या गोष्टी एकाच फंक्शनमध्ये लिहिलेल्या असतील तर हे एका हाकेचं काम आहे.

आठवा मंत्र : पडण्याआधीचं पाऊल लिहून ठेवा

प्रोसेस पडते तेव्हा कन्सोलही तिच्यासोबत जातो. शेवटचा शब्द ऐकायला कुणी उरत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या कामाआधी स्टोरेजमध्ये एक लहान नोंद करा : काय सुरू करतो आहे, किती मोठं आहे. काम झालं की पुसा. पुढच्या वेळी सुरू होताना न पुसलेली नोंद सापडली तर पडण्याची जागा सापडली. नोंदीत आकार जरूर लिहा. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या भागांमधल्या एका संदेशाला ६४ एमबीची मर्यादा आहे, आणि त्याच्या जवळपास जाणारं काही पाठवत असाल तर मुळात रचनाच बदलायला हवी.

जागा सापडत नसेल तर निम्मं-निम्मं करा. अर्धी वैशिष्ट्यं बंद करून बघा, मग उरलेल्यातली अर्धी. कुठल्या आवृत्तीपासून बिघडलं ते ठाऊक असेल तर गिटचं बायसेक्ट हेच काम करतं. हजार बदलांतून दोषी बदल दहा पायऱ्यांत निघतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलून त्रास थांबला तर तुम्ही काहीच शिकलेले नसता.

नववा मंत्र : बरं झालं हे आकड्यांनी सांगा

‘आता बरं वाटतंय’ ही दुरुस्तीची खात्री होत नाही. ज्या सात-सातच्या चाचणीने दोष दाखवला तीच पुन्हा चालवा, वाढ शून्य आली पाहिजे. मग ती यंत्राकडून करून घ्या. ब्राउझर कोडमधून चालवणारं पपेटिअर हे साधन एक्स्टेन्शनसकट क्रोम उघडू शकतं आणि पानावरचे नोड, लिसनर, हीपचा आकार हे आकडे देतं. पन्नास वेळा चौकट उघड-मीट करून शेवटी लिसनरांची संख्या सुरुवातीइतकीच आहे का, एवढं तपासणारी चाचणी लिहा. ती प्रत्येक नव्या आवृत्तीआधी चालू द्या. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा कमिटच्या संदेशात लिहा. तीन वर्षांनी तिथे येणाऱ्या माणसाला, आणि तो माणूस बरेचदा तुम्हीच असता, त्या आकड्यांचा आधार वाटतो.

दुरुस्त आवृत्ती गेल्यावर मी त्या बाईंना मेल केली. चूक आमची होती, कुठे होती, काय बदललं, आणि पहिलं उत्तर घाईने दिलं याबद्दल क्षमस्व. आठवड्याने त्यांनी कळवलं की संध्याकाळी सहापर्यंत सगळे टॅब उभे राहतात.

एक्स्टेन्शन म्हणजे दुसऱ्याच्या घरातली आपली खोली. माणूस आपल्या भरवशावर आपल्याला प्रत्येक पानात शिरू देतो आणि त्याची मेमरी आपल्या हवाली करतो. आज काम संपवण्याआधी एवढं करा : तुमच्या कोडमध्ये लिसनर लावणाऱ्या ओळी मोजा, मग काढणाऱ्या मोजा. दोन आकडे कागदावर शेजारी-शेजारी लिहा. जेवढा फरक निघेल, तेवढं काम उद्या सकाळी आधी हातात घ्या.